सन १९४५ : डहाणू-उंबरगांवच्या मुलुखांतील एक वर्ष



महोत्सवाच्या स्मरणिकेंत धर्मगुरूनें काय लिहावें, याचा एक ठराविक परिपाठ आहे. मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आणली, पहिली मिस्सा कोणत्या झोंपडींत झाली, हें सांगून शेवटीं देणगीदारांचे आभार मानावे, म्हणजे लेख पुरा होतो. ती सर्व माहिती या पुस्तिकेंत इतरांनीं मजहून चांगली दिली आहे. माझ्याकडे संपादक मंडळानें निराळें काम सोंपविलें. राष्ट्राच्या जीवनांत ज्याला महत्त्व आहे असें एखादें वर्ष घ्यावें, व त्याचा इतिहास आपल्या लोकांस समजेल अशा रीतीनें सांगावा, अशी त्यांची सूचना होती. त्यांच्या मनांत १९४७ हें साल असावें, असें मला वाटतें. मीं दोन वर्षें मागें जाऊन १९४५ हें साल निवडलें आहे, व तें कां निवडलें हें पुढें दिसून येईल.

जगाच्या इतिहासांत या वर्षाचें स्थान कोणास सांगावयास नको. ८ मे रोजीं युरोपांतील महायुद्ध थांबलें. २६ जून रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या, व त्यांत हिंदुस्थानच्या प्रतिनिधीचीही सही होती. ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी या शहरांवर अणुबाँब पडले आणि जपाननें शरणागति पत्करली. आपल्या देशांत जूनच्या मध्यास काँग्रेसचे पुढारी तुरुंगांतून सुटले, सिमल्यास व्हाइसरॉय वेव्हेल यांनीं परिषद भरविली व ती जुलैंत मोडली, आणि नोव्हेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला. मुंबई इलाख्यांत त्या वेळीं लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हतें. १९३९ च्या अखेरीस मंत्र्यांनीं राजीनामे दिल्यापासून गव्हर्नरच कारभार पाहत होते.

हें सर्व शाळेच्या पुस्तकांत आहे. सेमिनरींत असतांना मीही हा इतिहास शिकलों, परीक्षेंत लिहिला, व त्यांत मला गुणही बरे पडले. फ्रान्सची राज्यक्रांति, रशियांतील क्रांति, त्यांवरील पोपमहाराजांचीं परिपत्रकें, हीं सारीं आम्हांस तारीखवार पाठ होतीं. परंतु झरी आणि तलवाडा हीं दोन नांवें माझ्या कानांवर तेथें कधीं आलीं नाहींत. तीं प्रथम ऐकलीं तीं या भागांत नेमणूक झाल्यावर, एका आजाऱ्यास कम्युनिअन देऊन परततांना, पाड्यावरील एका वृद्धाच्या तोंडून. इतकीं वर्षें इतिहास शिकून आपल्याच कळपाचा इतिहास आपणांस ठाऊक नाहीं, याची त्या दिवशीं मला लाज वाटली, हें येथें कबूल करणें बरें.

त्या काळचा नकाशा आजच्याहून निराळा होता. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला. तोंवर आपण ठाणें जिल्ह्यांत होतों. तलासरी हा तालुकाही तेव्हां नव्हता. तिकडील गांवें उंबरगांवांत मोडत, व १९६० सालीं महाराष्ट्र आणि गुजरात हीं राज्यें वेगळीं झालीं तेव्हां उंबरगांव तिकडे गेलें आणि मराठी गांवें इकडे राहून त्यांचा तलासरी झाला. म्हणून जुन्या लिखाणांत “डहाणू-उंबरगांव” असा जो जोडशब्द येतो, तो आज डहाणू, तलासरी व सरहद्दीपलीकडील कांहीं गांवें मिळून समजावा. कैनाडचे पाडे त्याच मुलुखांत येतात. १९३५ च्या कायद्यान्वयें डहाणू व उंबरगांव हीं अंशतः वगळलेल्या क्षेत्रांत घातलीं होतीं. म्हणजे येथील लोक इतके मागें पडलेले आहेत कीं, सर्वसाधारण कायदे त्यांस जसेच्या तसे लागू करूं नयेत, असें सरकारनेंच ठरविलें होतें.

हे लोक मागें कसे पडले? ते मूळचे जंगलाचे व डोंगरउताराच्या शेतीचे धनी. एकोणिसाव्या शतकांत जमाबंदी आली, सारा रोख रुपयांत भरावा लागूं लागला, आणि रुपया तर वारल्याच्या घरीं नव्हता. तो सावकाराकडे होता. जंगल सरकारनें राखीव केलें, तेव्हां दुष्काळाच्या दिवसांत ज्या कंदमुळांवर व मोहांवर दिवस काढावयाचे तेंही दार अर्धें लागलें. अंगठ्याचा ठसा उठला कीं जमीन गेली. अशा रीतीनें दोन-तीन पिढ्यांत मालक होता तो कूळ झाला, आणि कूळ होता तो गडी झाला. १९३७ सालीं बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें, तेव्हां या प्रदेशांची पाहणी करण्यास सिमिंग्टन नांवाचे सनदी अधिकारी नेमले गेले, व त्यांचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. साहेबानें कांहीं झांकून ठेविलेलें नाहीं. जमीनदार बोलावील तेव्हां कुळानें आपलें शेत टाकून जावयाचें, न गेल्यास मार खावयाचा, आणि बायकांच्या अब्रूचीही शाश्वति नाहीं, असें त्यांत स्वच्छ लिहिलें आहे. अहवाल निघाला, आणि त्याच वर्षीं मंत्रिमंडळ गेलें.

वेठ म्हणजे काय, हें आतां तरुणांस समजावून सांगावें लागतें, ही देवाची कृपाच. पहिला पाऊस पडला कीं वारल्यानें स्वतःच्या तुकड्यावर जाण्यापूर्वीं धन्याचें शेत नांगरावयाचें, त्याची लावणी करावयाची, त्याचें गवत कापावयाचें, त्याचें घर शाकारावयाचें, आणि त्याबद्दल मजुरी मागावयाची नाहीं. स्वतःची लावणी त्यामुळें उशिरा होई, पीक कमी येई, आणि पावसाळ्यांत घरांत दाणा नसे. मग खावटी. खावटी म्हणजे त्याच धन्याकडून उसना घेतलेला भात. तो सुगीस दीडपट, कधीं दुपटीनें परत करावयाचा. तो फेडला कीं पुन्हां कोठी रिकामी. हें चक्र एकदां समजलें म्हणजे वारली आळशी आहे, असें जें शहरांतले लोक त्या वेळीं म्हणत व अजूनही कोणी कोणी म्हणतात, त्याचें उत्तर निराळें द्यावें लागत नाहीं.

परंतु सर्वांत मोठा फांस होता तो लग्नाचा. मी धर्मगुरु असल्यामुळें लग्नांच्या नोंदी ठेवणें हें माझें नित्याचें काम आहे, आणि म्हणूनच कदाचित् ही गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. वारल्यांत मुलीच्या बापास देज द्यावें लागे, जातगोतास जेवण घालावें लागे, कपडा व ताडी-दारू आणावी लागे. यासाठीं तरुण मनुष्य धन्याकडून रुपये घेई, बहुधा शंभर-दीडशेंच्या आंतच, आणि त्यांच्या मोबदल्यांत तो व त्याची नवी नवरी असे दोघेही त्या धन्याचे गडी होत. यालाच लग्नगडी म्हणत. मजुरींतून कर्ज कापलें जाईल म्हणावें, तर मजुरीच नसे. पोटाला घांसभर मिळे. म्हणून मुद्दल तसेंच राही, बाप मेला म्हणजे मुलानें राबावें, आणि त्याच्या लग्नाला पुन्हां त्याच दारीं जावें. कित्येक जोडपीं लग्नाचा खर्च झेपत नाहीं म्हणून तशींच संसार थाटीत, व पोरें मोठीं झाल्यावर कधीं तरी विधि उरकीत. त्यांस कोणी अनीतिमान् म्हणत असेल, तर त्यानें आधीं हा हिशेब पाहावा.

आज वारली चित्रकला जगभर गेली आहे. दिवाणखान्यांत, विमानतळांवर, साड्यांवर तिचीं माणसें नाचतांना दिसतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार व २०११ सालीं पद्मश्री मिळाली. १९४५ सालीं ते दहा-अकरा वर्षांचे होते. पण या चित्राचें मूळ ठिकाण दिवाणखाना नव्हे. गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवाष्णींनीं लिहावयाचा तो लग्नाचा चौक; मध्यें पालघाट देवी, बाजूस धवलेरीचें गाणें, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाहीं. ज्या भिंतीवर तो चौक लिहिला जाई, तिच्या आंत बसलेल्या नवरानवरीनें त्याच लग्नापायीं स्वतःस गहाण टाकलेलें असे. ज्यांच्या घरांत असें चित्र टांगलेलें आहे त्यांपैकीं किती जणांस हें ठाऊक असेल, कोण जाणे.

असो. आतां मूळ वर्षाकडे येऊं. ७ जानेवारी १९४५ रोजीं याच जिल्ह्यांत टिटवाळा येथें शेतकऱ्यांची एक परिषद भरून महाराष्ट्र किसान सभेची स्थापना झाली. तिच्यामागें मुख्यतः शामराव परुळेकर व त्यांच्या पत्नी गोदावरीबाई हे होते. गोदावरीबाई मूळच्या पुण्याच्या गोखले. कायद्याची पदवी घेतलेल्या, पूर्वीं नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजांत काम केलेल्या, आणि त्या वेळीं पतिपत्नी दोघेंही कम्युनिस्ट पक्षांत. या परिषदेस उंबरगांवकडील कांहीं वारली रानांतून चालत आले. त्यांत माह्या धांगडा हा होता. शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांची यादी तेथें मोठी होती. पण या लोकांनीं जें सांगितलें तें कर्ज व साऱ्याच्या गाऱ्हाण्यांपलीकडचें होतें, आणि त्यामुळें परुळेकरांचें लक्ष या मुलुखाकडे वळलें. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून फिरूं लागल्या. लोक त्यांस गोदूताई म्हणूं लागले, व पुढेंही तेंच नांव राहिलें.

२३ मे रोजीं झरी या गांवीं वारल्यांची परिषद झाली. सुमारें पांच हजार लोक आले, असें सांगतात. ज्यांस चार माणसांत उभें राहून बोलण्याची संवय नाहीं, धनी समोर दिसला कीं जे वाटेंतून बाजूस होत, असे हे लोक. त्यांनीं तेथें ठरविलें तें थोडक्यांत असें : यापुढें वेठ करावयाची नाहीं, लग्नगडी म्हणून कोणीं राहावयाचें नाहीं, जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करावयाचें तर दिवसास रोख बारा आणे घ्यावयाचे, कोणीं मारलें तर निमूटपणें सोसावयाचें नाहीं, आणि सर्वांनीं एक राहावयाचें. रुपयाचे सोळा आणे असत, म्हणजे बारा आणे हा पाऊण रुपया. एवढी ती मागणी.

तारीख मात्र नीट पाहावी. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे आकाशाकडे डोळे लागलेले असतात; पंधरा दिवसांत नांगर धरावयाचा असतो. या वेळीं हात मिळाले नाहींत, तर धन्याचें शेत पडीक राहतें. ही वेळ पुढाऱ्यांनीं हेरली कीं वारल्यांनीं सुचविली, हें सांगतां येत नाहीं. शेती ज्याच्या अंगांत मुरली आहे त्यासच ती सुचावी असें मला आपलें वाटतें. परिषदेनंतर लोक टोळ्याटोळ्यांनीं गांवोगांव गेले, आणि ज्या ज्या वाड्यांत लग्नगडी होते तेथें जाऊन त्यांस “चल” म्हणाले. कोर्टाचा हुकूम नाहीं, नवा कायदा नाहीं, पंचनामा नाहीं. कांहीं आठवड्यांत या दोन तालुक्यांतील पिढ्यान् पिढ्यांची दास्यपद्धति बहुतेक नाहींशी झाली.

मीं अलीकडे एक वही घातली आहे. म्हाताऱ्या माणसांकडे गेलों म्हणजे जें ऐकतों तें तींत लिहून ठेवितों. तिच्या पहिल्या पानावर एका आजींचें बोलणें आहे. त्यांच्या सासऱ्यांचें लग्न कर्जावर झालें होतें. सासरे व सासू दोघेंही धन्याकडे होतीं. मीं विचारलें, “मग तें कर्ज फिटलें केव्हां?” आजी बराच वेळ तोंडांतलें पान चघळीत बसल्या, व म्हणाल्या, “फिटला नाय, फादर. सुटला.”

पावसाळा गेला, भात पिवळा होऊं लागला, आणि गवताचे दिवस आले. गवताचा व्यापार हा त्या काळीं या पट्ट्यांतला मोठा धंदा होता. मुंबईचे तबेले येथल्या गवतावर चालत, व त्याच्या गासड्या आगगाडीनें तिकडे जात. गवत कापण्याची मजुरी फारच हलकी होती. किसान सभेनें पांचशें पौंड, म्हणजे सव्वादोनशें किलोच्या वर, गवत कापण्यास अडीच रुपये मागितले, आणि ऑक्टोबरांत वारल्यांनीं विळे खालीं ठेविले. गवताचें एक वैशिष्ट्य असें कीं, तें थांबत नाहीं. वेळेवर कापलें नाहीं तर वाळून काडी होतें, आणि मग त्यास भाव नाहीं. त्यामुळें व्यापारी व जमीनदार दोघेही कासावीस झाले.

याच सुमारास एक हूल उठली. तलवाड्यास सभा आहे, गोदूताई तेथें येणार आहेत, त्यांच्या जिवास धोका आहे, तरी सर्वांनीं काठ्या घेऊन यावें, अशी ती होती. ही हूल मुद्दाम जमीनदारांनीं उठविली असा किसान सभेचा आरोप होता. सभा ठरलेली नव्हती, आणि गोदावरीबाई तेथें नव्हत्या, एवढें निश्चित. १० ऑक्टोबर रोजीं हजारों वारली रानावनांतून तलवाड्यास गोळा झाले. आपली बाई संकटांत आहे या समजुतीनें आलेला तो जमाव. तिला पाहिल्याशिवाय तो हलेना. पोलिसांनीं त्यावर गोळ्या झाडल्या. तरीही लोक पांगले नाहींत, व दुसऱ्या दिवशींपर्यंत हा प्रकार चालला. पांच माणसें मेलीं, आणि पुष्कळ घायाळ झालीं. मृतांत जेठ्या गांगड हा होता. त्याचें नांव या भागांतील प्रत्येक घरांत ठाऊक आहे. इतर चौघांचींही तशींच ठाऊक असावयास हवीं होतीं. संप मात्र त्यामुळें मोडला नाहीं. बऱ्याच ठिकाणीं धन्यांस मजुरीचा नवा दर मान्य करावा लागला.

येथें मला एका अडचणीच्या गोष्टीकडे वळलें पाहिजे. झरीच्या परिषदेवर लाल बावटा होता. पोप पायस अकरावे यांनीं १९३७ सालींच नास्तिक साम्यवादाचा निषेध करणारें परिपत्रक काढलें होतें, आणि माझ्या पिढीच्या धर्मगुरूंसही लाल रंग दिसला कीं सावध होण्याची संवय लावली गेली होती. तें परिपत्रक मी नाकारीत नाहीं. परंतु १८९१ सालीं लिओ तेरावे यांनीं मजुराच्या वेतनाविषयीं जें लिहिलें तेंही त्याच पीठावरून लिहिलेलें आहे. आणि मजुराची मजुरी अडकवून ठेवणें हें स्वर्गाकडे सूड मागणाऱ्या चार पातकांपैकीं एक आहे, हें तर आपण लहानपणीं प्रश्नोत्तरांत घोकलेलें आहे. मग बारा आणे मागणारा वारली आणि तें न देणारा धनी, यांत प्रश्नोत्तरें कोणाच्या बाजूस होतीं? प्रश्न मीं स्वतःस पुष्कळदां विचारला आहे. परुळेकर पतिपत्नींचें तत्त्वज्ञान मला मान्य नाहीं, व त्यांच्या पक्षानें इतरत्र काय केलें हेंही मी विसरत नाहीं. पण पायीं चालत पाड्यांवर गेल्या, त्यांच्याच हंडींतलें खाल्लें, आणि “तूं माणूस आहेस” हें त्यांस पटविलें, तें त्यांनीं. इतिहास लिहावयास बसल्यावर हें श्रेय दुसऱ्या कोणाच्या नांवावर टाकतां येणार नाहीं, व तें झांकून ठेवल्यानें श्रद्धेचा कांहीं लाभ होईल असेंही मला वाटत नाहीं. त्यांनीं पुढें या दिवसांवर “जेव्हा माणूस जागा होतो” हें पुस्तक लिहिलें, व त्यास १९७२ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या वाचनालयांत तें असावें.

या वर्षाची दुसरी बाजू इतकी गाजलेली नाहीं. २४ डिसेंबर १९४५ रोजीं, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं, बोर्डीस ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडलें. ताराबाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम केलें होतें, व पुढें दादरला शिशुविहार चालविला होता. तेथें येणारीं मुलें मध्यम वर्गाचीं होतीं. मांटेसरी पद्धतीचीं खेळणीं महाग असतात. तीं नसतांना, शंख-शिंपले, बिया, काड्या व पानें घेऊन गरिबांच्या मुलांस शिकवितां येईल काय, हें पाहण्यास त्या वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं बोर्डीस आल्या. त्यांस येऊन मिळाल्या अनुताई वाघ, लहानपणींच वैधव्य आलेल्या व स्वतःच्या जिद्दीनें शिकलेल्या. पहिला अनुभव निराशेचा होता. ज्यांच्यासाठीं शाळा काढली तीं पोरें शाळेंत येईनात. कोणी धाकटें भावंड सांभाळी, कोणी गुरें राखी. तेव्हां या बायांनीं शाळाच उचलून त्यांच्या वस्तींत, त्यांच्या आंगणांत नेली. त्या आंगणांतल्या बालवाडीस अंगणवाडी म्हणूं लागले. पुढें १९५७ च्या सुमारास काम आपल्या तालुक्यांतील कोसबाडच्या टेकडीवर गेलें, आणि गुराख्यांच्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरें जेथें चरतात तेथेंच फळा.

बोर्डीचीं माणसें खादीचीं, झरीचीं लाल बावट्याचीं. आचार्य भिसे व आदिवासी सेवा मंडळाचे लोक, ज्यांस बाळासाहेब खेरांचा आधार होता, त्यांचें व किसान सभेचें फारसें जमलें नाहीं. दोघेही एकमेकांवर टीका करीत. एक म्हणे, तुम्ही लोकांस चिथावितां. दुसरा म्हणे, तुम्ही मलमपट्टी करितां. आज पाहतां, ज्या बापानें ऑक्टोबरांत विळा खालीं ठेविला, त्याच्याच पोरास डिसेंबरांत कोणी तरी शिंपले मोजावयास शिकवीत होतें, व दोहोंचें अंतर आगगाडीच्या दोन-चार स्टेशनांहून अधिक नव्हतें. याच सालीं के. जे. सावे यांचा वारली लोकांवरील इंग्रजी ग्रंथही मुंबईस छापला गेला. त्यांत त्यांचीं गाणीं, लग्नें व दैवतें यांची बरीच माहिती आहे. अभ्यासकास तो उपयोगीं पडतो. ज्यांच्याविषयीं तो लिहिला होता, त्यांपैकीं वाचतां येणारे तेव्हां बोटांवर मोजण्याइतकेही असतील नसतील.

पुढील वर्षांचा वृत्तान्त लांबवीत नाहीं. १९४६ सालीं खेरांचें मंत्रिमंडळ पुन्हां आलें, आणि ज्यांनीं १९३७ सालीं चौकशी करविली होती, त्यांच्याच कारकीर्दींत त्या वर्षाच्या अखेरीस परुळेकर पतिपत्नींस जिल्ह्यांतून हद्दपार करण्यांत आलें. खेर हे सज्जन होते. आदिवासींविषयीं त्यांची कळकळ खरी होती. तरीही हें घडलें. १९४८ सालीं कूळकायदा झाला व १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन म्हणून ठरून कुळांस जमिनीचे मालक मानण्यांत आलें. कागदावर मिळालेली ती जमीन प्रत्यक्ष नांवावर चढविण्यासाठीं कित्येकांस पुढें कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले. शामराव परुळेकर ३ ऑगस्ट १९६५ रोजीं आर्थर रोडच्या तुरुंगांत निवर्तले. गोदावरीबाई ८ ऑक्टोबर १९९६ रोजीं वारल्या. तलवाड्याच्या दिवसास तेव्हां दोन दिवस कमी होते.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगावयाची ठेविली आहे. १९५० च्या राज्यघटनेनें तेविसाव्या कलमांत वेठबेगारीस मनाई केली. तरी वेठबिगारीची पद्धति साऱ्या देशांत बंद करणारा व तीखालील कर्जें रद्द ठरविणारा कायदा अमलांत आला तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून. प्रथम वटहुकूम निघाला, व पुढील वर्षीं त्याचा कायदा झाला. कर्ज फिटलें नाहीं तरी माणूस सुटतो, हें तत्त्व सरकारनें त्या दिवशीं लिहिलें. झरीच्या लोकांनीं तें तीस वर्षें आधीं, अंगठा न उठवितां, ठरविलें होतें. आणि त्याच १९७५ च्या ऑक्टोबरांत, २ तारखेस, देशांतील लहान मुलांसाठीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रास नांव दिलें अंगणवाडी. आज देशांत अशीं लाखों केंद्रें आहेत. कायदा झरीमुळें झाला असें म्हणण्यास माझ्यापाशीं पुरावा नाहीं, व मी तसें म्हणत नाहीं. अंगणवाडीचा शब्द मात्र बोर्डी-कोसबाडच्या आंगणांतूनच गेला आहे.

आपल्या पाड्यांवरील अंगणवाडींत जीं मुलें सकाळीं खिचडीसाठीं ताटली घेऊन बसतात, त्यांपैकीं कित्येकांचे पणजे लग्नगडी होते. दर वर्षीं १० ऑक्टोबरास तलासरीकडे मोठा मेळावा भरतो. आपल्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबें त्यास जातात, हें मला माहीत आहे, आणि तीं जातात म्हणून त्यांनीं मजपासून लपविण्याचें कारण नाहीं.

वहीचीं पुष्कळ पानें अद्याप कोरीं आहेत. ज्यांच्या घरीं त्या वर्षाची कांहीं आठवण असेल, आजोबा झरीस गेले असतील, कोणी तलवाड्यास जखमी झाला असेल, धन्याकडून सुटून येतांना कोणीं काय बरोबर आणलें हें ऐकलें असेल, त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर मजकडे यावें. नांव लिहूं नका म्हणाल तर लिहिणार नाहीं. वृद्ध माणसांस चालवत नसेल तर निरोप पाठवावा. मी स्वतः पाड्यावर येईन.